मोर्स कोड शिकायची साधनं: कशावर वेळ घालवावा, काय सोडून द्यावं

मोर्स शिकायला आज फारसा खर्च येत नाही. वेबसाईट, मोबाईल ॲप, ऑडिओ, ऑनलाइन वर्ग, यातलं बहुतेक फुकट आहे. तरीही शिकणारे मिनिटाला आठ-दहा शब्दांवर येऊन अडकतात आणि महिनोन्महिने तिथून हलत नाहीत. यात दोष कानाचा क्वचितच असतो. सुरुवातीला जी पद्धत हाताशी आली, तिचा असतो. म्हणून इथे प्रत्येक साधन एकाच कसोटीला लावलं आहे: आवाज कानावर पडल्यावर अक्षर थेट कागदावर उतरतं, की मध्ये तक्ता, चित्र किंवा मोजणी घुसते?

मुंबईत मोर्स शिकणारे बहुतेक जण हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी बिनतारी रेडिओच्या ओढीने येतात. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हॅमसाठीची मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही जनरल ग्रेडच्या परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी राहिली, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ती नव्हती. अर्ज भरताना दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरचा चालू नियम वाचून घ्या. शब्द पाच अक्षरांचा धरतात, तेव्हा मिनिटाला ८ शब्द म्हणजे ५ मिनिटांत २०० अक्षरं. आकडा छोटा वाटतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो, कारण ‘आठच तर पाहिजेत’ म्हणून लोक अक्षरंच संथ ऐकून शिकतात.

थोडं गणित बघू, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोर्सचा वेग ‘पॅरिस’ या शब्दावर मोजतात, तो मागच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ५० मात्रांचा भरतो. डिट म्हणजे आखूड आवाज १ मात्रेचा, डा म्हणजे लांब आवाज ३ मात्रांचा, अक्षराच्या आतली फट १, दोन अक्षरांमधली ३ आणि दोन शब्दांमधली ७ मात्रांची. १२०० ला वेगाने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ५ शब्दांच्या वेगाला डिट २४० मिलिसेकंदांचा, २० शब्दांना ६० चा. आता ‘क्यू’ घ्या: डा-डा-डिट-डा, एकूण १३ मात्रा. ५ च्या वेगाला हे एक अक्षर ३ सेकंदांहून जास्त चालतं. एवढ्या वेळात मन स्वस्थ बसत नाही. ते ‘दोन लांब, एक आखूड, एक लांब’ असं मोजतं आणि डोक्यातल्या तक्त्यात शोधायला जातं. तेच ‘क्यू’ २० च्या वेगाला पाऊण सेकंदात संपतं, मोजायला उसंतच मिळत नाही, आणि नाइलाजाने का होईना कान त्याची अखंड चाल ओळखायला लागतो. मोजून शिकलेल्याची मोजणी दहाच्या आसपास वेळेला पुरेनाशी होते. तिथे सराव वाढवून उपयोग नसतो, सगळी अक्षरं नव्याने ऐकायला शिकावी लागतात.

तेव्हा छापील तक्ता पहिला बाद. स्काउटच्या पुस्तकातला असो, भिंतीवर लावायचा असो की फांद्या फुटलेल्या झाडासारखा ‘डावीकडे डिट, उजवीकडे डा’ असा असो, सगळे डोळ्यासाठी आहेत. झाडाचा तक्ता तर जास्त घातक, कारण तो प्रत्येक डिटनंतर फांदी निवडायची सवय लावतो, आणि २० च्या वेगाला फांद्या निवडत बसायला वेळ कुठला?

मराठी माणसाला आणखी एक मोह पडतो. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेलं असतं, आणि मोर्समधली तीन चिन्हांची आठ अक्षरं म्हणजे हुबेहूब आठ गण आहेत. लघुला डिट आणि गुरूला डा धरा: य गण म्हणजे डब्ल्यू, म गण ओ, त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस आणि स गण यू. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. देखणी जुळणी आहे, आणि कागदावर ती आठ अक्षरं कायमची लक्षात राहतात. पण ऐकताना तिचा अडथळाच होतो. ‘डा-डिट-डा’ ऐकलं, म्हणजे गुरू-लघु-गुरू, म्हणजे र गण, म्हणजे के, अशी एक पायरी मध्ये वाढते. वृत्तात गुरू दोन मात्रांचा असतो, इथे डा तीन मात्रांचा. त्यामुळे गणांच्या चालीत पाठवायला बसलेल्याचे डा आखूड पडतात आणि समोरच्याला एस की यू, आर की डब्ल्यू हे कळेनासं होतं. मजा म्हणून जुळणी पाहा, सरावाच्या वेळी डोक्यात आणू नका.

गूगलचा मोर्स ट्रेनर याच कारणाने आमच्या यादीत खालचा. २०१८ मध्ये जीबोर्ड या गूगलच्या मोबाईल कीबोर्डमध्ये मोर्सची सोय आली, त्याच्या जोडीचा हा खेळ. ज्यांना नेहमीचा कीबोर्ड हाताळता येत नाही त्यांना दोन बटणांवर टाइप करता यावं, हा त्यामागचा हेतू, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. अक्षराच्या चित्रात ठिपके-रेघा गुंफलेल्या असतात, तासाभरात वर्णमाला बोटांत येते. पण कानात येत नाही. ऐकायला शिकायचं असेल तर हा तास फुकट गेला असं समजा, उलट ती चित्रं विसरायला वेगळा वेळ काढावा लागेल. मोर्स मॅनिया हे ॲप त्यापेक्षा बरं, कारण त्यात आवाज ऐकून अक्षर ओळखायचा भाग वेगळा आहे आणि वेग वाढवता येतो. दिव्याची उघडझाप आणि कंपनांचे प्रकार बाजूला ठेवून फक्त आवाजाचा भाग घ्या. तरी ते एकेक अक्षर थांबून विचारतं, तुम्ही सावकाश उत्तर देता. खऱ्या संदेशात कुणी थांबत नाही, म्हणून त्यावरच विसंबू नये.

खरी स्पर्धा दोन पद्धतींत आहे, आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीतच.

पहिली फार्न्सवर्थ. अक्षर पूर्ण वेगाने वाजवायचं, अंतर मात्र ताणायचं. अक्षरं २० च्या वेगाने आणि एकूण वेग ८ शब्द ठेवला, तर दोन अक्षरांमध्ये सुमारे ०.८९ सेकंद आणि दोन शब्दांमध्ये सुमारे २.०८ सेकंद मिळतात. नेहमीच्या २० च्या वेगाला हीच अंतरं ०.१८ आणि ०.४२ सेकंद असतात. म्हणजे अक्षराची चाल बिघडत नाही आणि लिहायला जवळजवळ सेकंदभर मिळतो. धोका एकच: त्या सेकंदाची चटक लागते. मोकळ्या वेळात मन पुन्हा शोधाशोध करायला लागतं. म्हणून एकूण वेग एका आकड्यावर रेंगाळू देऊ नका. ८ वर चुका कमी झाल्या की ९, मग १०. अक्षराचा वेग २० वरून खाली कधीच आणायचा नाही, कितीही जड गेलं तरी.

दुसरी कॉख. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेली. सगळी वर्णमाला आधी शिकून मग वेग वाढवायचा नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं दोनच. ९० टक्के बरोबर आली की तिसरं. कागदावर हे रटाळ वाटतं, पण मुद्दा असा की शिकलेलं अक्षर पुन्हा शिकावं लागत नाही.

कॉखसाठी एलसीडब्ल्यूओ ही वेबसाईट आजही सर्वांत भक्कम. फुकट आहे, खातं उघडलं की प्रगती साठवते, मोबाईलच्या ब्राउझरवर चालते. एकूण ४० धडे. पहिल्यात के आणि एम, मग यू, आर, ई, एस, एन, ए, पी, टी असा क्रम जातो. सेटिंग्ज अशी ठेवा: अक्षराचा वेग २०, एकूण वेग १०, सूर ६०० ते ७०० हर्ट्झ, धड्याची लांबी सुरुवातीला १ मिनिट, दहाव्या धड्यानंतर २ ते ३ मिनिटं. दिवसातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं बसलेलं रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा जास्त कामी येतं.

या साईटच्या दोन उणिवा माहीत असाव्यात. एक म्हणजे ९० टक्क्यांचा आकडा फसवतो. एकूण वेग १० असेल तर मिनिटात सुमारे ५० अक्षरं येतात. नवं अक्षर त्यात पाचदा आलं आणि पाचही वेळा चुकलं, तरी निकाल ९० टक्के! म्हणून टक्केवारीआधी चुकलेली अक्षरं बघा. एकच अक्षर दोनदा-तीनदा चुकत असेल तर पुढचा धडा उघडू नका. दुसरी उणीव क्रमाची. ५ हा आकडा २३ व्या धड्यात येतो आणि एच २८ व्यात. एस तर पाचव्यातच आलेला असतो. तीन, चार आणि पाच डिट एकत्र आले की भलेभले गडबडतात, आणि आधीच्या धड्यांत ९५ टक्के मिळवणारा इथे ७५ वर घसरतो. यू-व्ही-४ आणि डी-बी-६ यांची तीच गत. उपाय साईटवरच आहे: ‘कोड ग्रुप्स’ या विभागात हवी ती अक्षरं निवडून गट वाजवता येतात. फक्त एस, एच, ५ घेऊन पाच-पाच मिनिटं ऐका. तेवढ्यासाठी वेग २५ करा, कमी नको. डिट जितके जवळ येतात तितका त्यांचा पोत वेगळा कळतो, संथ केले की पुन्हा मोजणी सुरू होते.

सी तर थेट ३५ व्या धड्यात आहे. म्हणजे हॅम रेडिओवर सर्वांत जास्त ऐकू येणारी ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या) ही हाक धड्यांचा शेवट जवळ येईपर्यंत भेटतच नाही. रेडिओसाठी शिकणाऱ्याचा हिरमोड होतो तो इथे. विसाव्या धड्याच्या सुमारास सी आणि क्यू वरच्याच पद्धतीने वेगळे ऐकून घ्यावेत, क्रम मोडल्याने काही बिघडत नाही.

सरावाची एक शिस्त मात्र कुठलीही साईट शिकवत नाही. अक्षर सुटलं की आडवी रेघ मारा आणि पुढे चला. सुटलेलं आठवत बसलात की पुढची तीन जातात, नवशिक्यांच्या निम्म्या चुका अशाच साखळीने होतात. परीक्षा द्यायची असेल तर पहिल्यापासून वहीत पेनाने लिहा. कीबोर्डवर शिकलेला प्रतिसाद बोटांना चिकटतो आणि हातात पेन आलं की गोंधळ उडतो. कॅपिटलपेक्षा लहान, जोडून लिहिलेली अक्षरं जलद पडतात.

जी४एफओएन हा विंडोजचा जुना ट्रेनर इंटरनेटशिवाय चालतो, कॉखचाच आहे, आणि त्यात खरखर, मंदावणारा सिग्नल असे अडथळे घालता येतात. जुना लॅपटॉप पडून असेल तर जरूर घ्या. बाकी एलसीडब्ल्यूओपुढे त्याची गरज उरत नाही.

मोर्स कोड निंजा हा वेगळा प्रकार: ऑडिओ. आधी मोर्समध्ये शब्द, थोडी शांतता, मग बोलून उत्तर, मग पुन्हा मोर्स. लिहायचं काही नाही, म्हणून लोकलसाठी याच्यासारखं साधन नाही. बोरिवली-चर्चगेट हा तासाभराचा प्रवास उभ्याने, एक हात कडीला असतानाही वापरता येतो. अट एवढीच की गर्दीत नवी अक्षरं शिकू नयेत. गाडीच्या खडखडाटात डिट गिळला जातो आणि एचचा एस असा चुकीचा ठसा बसतो. आलेली अक्षरं, तीन-चार अक्षरी शब्द, कॉल साइन (प्रत्येक हॅमची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे) यांची उजळणी करा. कानात घट्ट बसणारे वायरचे इअरफोन घ्या आणि आवाज फार वाढवू नका, मोठ्या आवाजाने कान लवकर थकतो. मनातल्या मनात शब्द जुळवण्याचं कौशल्य कॉखच्या निरर्थक पंचाक्षरी गटांतून येत नाही, ते यातून येतं. उच्चार अमेरिकन आहेत, दोन दिवसांत सवय होते. अक्षरं येत नसतील तर इथे सुरुवात करू नका, नुसता अंदाज बांधायची सवय लागेल.

माणसाकडून शिकायचं असेल तर सीडब्ल्यूऑप्स या क्लबची सीडब्ल्यू अकॅडमी (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स). फी नाही. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासाभराचा व्हिडिओ वर्ग, शिवाय रोजचा गृहपाठ. वर्षाला तीन सत्रं. सुरुवात ई, टी, ए, एन या आखूड अक्षरांनी होते, त्यामुळे पहिल्या दिवशीच छोटे शब्द बनतात. हे कॉखच्या के-एमपेक्षा उत्साह टिकवणारं आहे. पाठवणंही सोबत शिकवतात, त्यासाठी पॅडल लागतं, म्हणजे डिट आणि डा यांना वेगवेगळी पट्टी असलेलं पाठवायचं साधन. आपली अडचण वेळेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्री आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. युरोपातला १९०० यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) वर्ग आपल्याकडे रात्री साडेबाराला. पहाटेचा घ्या. साडेसातच्या आत मोकळे होता आणि कानही ताजा असतो. वर्ग बुडवत राहिलात तर मात्र घेऊ नका, शिकवणारे स्वयंसेवक आहेत आणि जागा मोजक्या असतात.

पाठवण्याचा सराव ऐकणं निम्मं झाल्यावर सुरू करावा, साधारण पंधरा-वीस अक्षरांनंतर. त्याआधी हात चुकीची लय शिकतो आणि ती कानाला कळत नाही. सरावाचा ऑसिलेटर, म्हणजे सूर वाजवणारं छोटं सर्किट, लॅमिंग्टन रोडवर शे-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांत होतो. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. यादी: एनई५५५ आयसी आणि सॉकेट, १० किलोओहम, १०० किलोओहम आणि १०० ओहम हे रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, १० आणि १०० मायक्रोफॅरडचा एकेक इलेक्ट्रोलिटिक, ८ ओहमचा छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि क्लिप, झिरो पीसीबी. पिन ८ आणि ४ पुरवठ्याला, पिन १ ग्राउंडला. ८ ते ७ मध्ये १० किलोओहम, ७ ते ६ मध्ये १०० किलोओहम. ६ आणि २ जोडून तिथून ०.०१ ग्राउंडला, दुसरा ०.०१ पिन ५ वरून ग्राउंडला. पिन ३ वरून १०० ओहम, मग १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे), मग स्पीकर. सूर ६८५ हर्ट्झच्या आसपास येतो. ‘की’, म्हणजे दाबून मोर्स पाठवायचं बटण, बॅटरीच्या धन वायरमध्ये घाला. हमखास होणारी चूक इथेच: १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कीच्या पुढे, आयसीच्या बाजूला लावला तर की सोडल्यावरही साठलेल्या विजेवर सूर रेंगाळतो, डिटला शेपूट येते आणि वेगात सगळं एकमेकांत मिसळतं. तो बॅटरीच्या बाजूलाच हवा.

स्ट्रेट की, म्हणजे वर-खाली दाबायची साधी की, आयती मिळाली नाही तर दोन पितळी पट्ट्या आणि लाकडी फळी पुरते. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. हात कोपरापर्यंत टेबलावर, हालचाल मनगटातून, बोटांतून नाही. बोटांनी मारलं की दहा मिनिटांत हात भरून येतो आणि डा आखडतात. पॅडलला कीयर लागतो, आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डवर के३एनजीचं फर्मवेअर चढवलं की काम भागतं. कीयर डिट-डा अचूक बनवतो, अंतर तुमच्या हातात राहतं, आणि चुका अंतरातच होतात. ई आणि टी जवळ आले की ए होतो, टी-ई-टी चिकटले की के. मोबाईलच्या डिकोडर ॲपसमोर (मोर्स ऐकून अक्षरं दाखवणाऱ्या) वाजवून बघा. ऐकायला शिकण्यासाठी डिकोडर कुचकामी, पण तुमच्या पाठवण्याचा तो कठोर परीक्षक आहे. ब्लूटूथ हेडफोन लावून मात्र कधीच पाठवू नका. त्याचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांपुढे जातो आणि २० च्या वेगाचा डिट अवघा ६० चा, तेव्हा हात कानाच्या मागे धावत राहतो.

अक्षरं संपली की मोर्स रनर. विंडोजवर फुकट, स्पर्धेतल्या झुंबडीचं हुबेहूब वातावरण, एकाच वेळी तीन-चार जण हाका मारत असतात. २० च्या आत असाल तर वैताग येईल, २० च्या पुढे याच्याइतका वेग वाढवणारा दुसरा सराव नाही.

प्रत्यक्ष हवेतला मोर्स ऐकायला मुंबईच्या इमारतींत एलईडी दिवे आणि चार्जरच्या गोंगाटामुळे रिसीव्हर फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा. संध्याकाळी १४.००० ते १४.०७० मेगाहर्ट्झ, रात्री उशिरा ७.००० ते ७.०४०. मोड सीडब्ल्यू, फिल्टर ५०० हर्ट्झपर्यंत आवळलेला, सूर सरावाला वापरत होता तोच ६५० च्या आसपास. बँडच्या अगदी खालच्या टोकाला वेगवान मंडळी असतात, तिथे सुरुवात करू नका. थोडं वर सरका आणि ‘सीक्यू’ हाक सावकाश देणारा एक जण धरा. तो तीच हाक आणि तेच कॉल साइन पुन्हा पुन्हा देतो, पहिल्या वेळी सुटलेलं अक्षर तिसऱ्या वेळी मिळतं.